कोणी सांगितलं तुला?

धकाते सरांच्या वर्गात चुकलेल्या मुलाला काही होत नसे. छडी नाही, अंगठे धरणं नाही, बाकावर उभं राहणं नाही. मरण व्हायचं ते बरोबर उत्तर देणाऱ्याचं. एखाद्या पोरानं 'राइट'ला आयएनजी लावताना शेवटची ई बिनचूक गाळली, की सर हातातला खडू खाली ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि त्याच्या तोंडाकडे बघत विचारत, "कोणी सांगितलं तुला?"

"कोणीच नाही सर. मलाच आलं."

"तुलाच आलं. कसं आलं? पायी आलं का सायकलनं?"

वर्ग हसे, पोरगं रडकुंडीला येई, आणि पुढच्या खेपेला ते मुद्दाम एखादी चूक करून सुखानं खाली बसे. बारा वर्षं मी हे शेजारच्या वर्गातून ऐकलं. आमच्या दोन वर्गांमधली भिंत छतापर्यंत गेलेलीच नव्हती. माझ्या वर्गात कविता चालू असली तरी वरून सरांचा प्रश्न येऊन पडायचाच.

चौऱ्याहत्तर साली मी त्या शाळेत मराठी शिकवायला गेले. गावाचं नाव सांगत नाही. सिहोऱ्याच्या बाजूला आहे एवढं पुरे, कारण यातली बरीच माणसं अजून धडधाकट आहेत आणि संशय घ्यायला ती धकाते सरांकडूनच शिकलेली आहेत. मी भंडाऱ्यातली, तेवीस वर्षांची, नवीन नवीन. पहिल्याच दिवशी सरांनी मला विचारलं, "तुमी भंडारा सोडून इकडं काहून आल्या, बाई?" नोकरी लागली म्हणून, असं मी सांगितलं. ते मान हलवत म्हणाले, "नोकरी तं तिकडंही लागते." त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याकडे भंडाऱ्यात काहीतरी करून आल्यासारखं बघायचे.

दिसायला किडकिडीत, उंच, खाली मान घालून चालणारे. पांढरा सदरा-पायजमा, बारा महिने छत्री आणि खांद्यावर कापडी झोळी. झोळीच्या तोंडाला दोरी आणि दोरीला त्यांची स्वतःची अशी एक गाठ. वडील पवनीला मागावर बसायचे. ती गाठ तिकडची, तुटलेला धागा जोडायची. दुसऱ्या कुणी सोडली तर तशीच परत बसत नाही, हे त्यांनीच सांगितलं होतं. त्यात आम्हा सगळ्यांना दिलेला इशारा होता हे मला फार उशिरा कळलं.

संशय कुणावर नव्हता? घंटा वाजवणाऱ्या सदाशिववर होता, तो शेवटचा तास चार मिनिटं आधी मोडतो म्हणून. विज्ञानाच्या सरांवर होता, ते फार हसतात म्हणून. हेडमास्तरांवर होता, ते अजिबात हसत नाहीत म्हणून. पण सर्वांत जास्त संशय होता तो इंग्रजी भाषेवर. ज्या भाषेच्या जिवावर पोट भरलं तिच्याविषयी इतकं वाईट बोलणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. "मोठी कपटी भाषा आये, बाई," ते म्हणायचे. "लिहिते एक, बोलते एक. अक्षर समोर उभं करते आन् म्हनते, याले वाचू नोको." एका शब्दकोशावर त्यांचा भरवसा नव्हता. दोन होते, आणि दोघांचं जमलं नाही की त्यांना समाधान वाटायचं.

आणि तरी हा माणूस ती भाषा काय शिकवायचा! पुस्तकात छापलेलं असे, 'राम शाळेत जात आहे.' आमच्याकडचा राम जन्मात कधी 'जात आहे' म्हणाला नव्हता. तो 'जाऊन राहिला' असायचा. पोरं पुस्तकातलं मराठी वाचूनच अडायची, तर त्यापुढचं इंग्रजी कुठून येणार? सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'जिथं राहिला, तिथं आयएनजी.' खाऊन राहिला, पोहून राहिला, पळून राहिला. आठवड्याभरात अख्खी आठवी बैलापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना आयएनजी लावत गावभर हिंडू लागली.

स्पेलिंगचे नियमही असेच घरचे. शब्दाच्या शेवटी गप्प बसलेली ई म्हणजे ओसरीवर टेकलेली पाहुणी. आयएनजी घरी आला की तिनं उठून जायचं. 'रन', 'कट', 'सिट' हे लहान शब्द. आयएनजीची गाडी जड, एका बैलानं ओढत नाही, म्हणून शेवटच्या अक्षराची जोडी जुंपायची. पोरांना ते पटायचं, कारण गाडी आणि बैल दोन्ही बाहेर उभे असायचे.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी हे ऐकलं आणि सगळ्यांसमोर सरांची पाठ थोपटली. बोलीचा असा उपयोग जिल्ह्यात कुणी केला नाही, म्हणाले. दुसरा कुणी असता तर त्या दिवशी त्यानं पेढे वाटले असते. सर संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात उभे. "बाई, ह्या मानसानं माही तारीफ काहून केली?" चांगलं वाटलं म्हणून केली असेल, असं मी म्हटलं. "चांगलं वाटलं तं चूप बसते मानूस. बोलला म्हंजे काहीतरी आये." तीन आठवडे त्यांना झोप नाही. शेवटी त्यांनी कार्यालयाला पत्र लिहिलं की माझी प्रशंसा नेमक्या कोणत्या कारणास्तव झाली ते लेखी कळवावे. मराठी शुद्ध आहे ना, हे बघायला कच्चा खर्डा माझ्याकडे आणला. पत्राचं उत्तर आलं नाही, आणि मग तर त्यांची खात्रीच पटली.

झोळीत एक लांबट वही असायची, लाल कापडी पुठ्ठ्याची. त्या वहीनं आमच्या शाळेत जेवढी भांडणं लावली तेवढी निवडणुकांनीही लावली नसतील. सर मधल्या सुट्टीत कोपऱ्यात बसून तिच्यात बारीक अक्षरात लिहीत, आणि कुणी जवळ आलं की मिटून टाकत. विज्ञानाच्या सरांचं म्हणणं, आपल्या सगळ्यांची नोंद आहे त्यात, वर पाठवतात. हेडमास्तरांनाही तेच वाटे. मीही काही निराळी नव्हते. एकदा हेडमास्तरांविषयी मी दोन शब्द जास्त बोलले आणि त्याच क्षणी सरांनी टोपण काढून काहीतरी लिहिलं. पुढचा महिनाभर मी त्यांच्यासमोर फक्त पावसापाण्याचं बोलत होते.

शेवटी त्यांनीच एकदा दाखवली. प्रत्येक पानावर एका मुलाचं नाव आणि खाली त्याच्या चुका, तारीखवार. कोण 'कमिंग'मध्ये ई ठेवतो, कोण नको तिथं दोन टी लावतो, तीन तीन वर्षांच्या चुका. मी विचारलं, बरोबर उत्तरं कुठं लिहिता?

"ते कायले लिहू? बरोबर उत्तर सगळ्यायचं सारखंच असते. ते कोनाचंही असू शकते, बाई. चूक मात्र ज्याची त्याचीच असते." हे बोलताना ओळींखालून त्यांचं बोट फिरत होतं. त्यांचे वडील कापड असंच बोटानं तपासत असतील, असं मला उगीच वाटलं.

आता कौतिकाचं सांगते. तिच्यामुळेच हे सगळं लिहायला बसले.

कौतिका ठवकर दहावीत होती. गाव शाळेपासून तीन मैलांवर, बाप डोमाजी, घरचं थोडं धान. मुलगी बोलायला कमी, डोळ्यांनी मोठी. रविवारी कधी माझ्या खोलीवर गोष्टीची पुस्तकं न्यायला यायची. इंग्रजीत यथातथाच. सर दर शनिवारी वीस क्रियापदं द्यायचे आणि तिची सहा नाहीतर सात बरोबर यायची. आंबागडाकडच्या एका घरून तिला मागणी आली होती. डोमाजीनं त्यांना सांगितलं होतं, पोरगी मॅट्रिकचा फॉर्म भरते, परीक्षा होऊ द्या, मग बोलू. आमच्या भागात तेव्हा असं म्हणणारा बाप विरळा. पण त्यानं पोरीलाही बजावलं होतं की शाळेतून एक जरी तक्रार आली, तर त्याच दिवशी होकार कळवून टाकीन.

जुलै-ऑगस्टात रोवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली. रोवणीत आमच्या शाळेत फक्त मास्तर आणि भिंती उरायच्या. कौतिका तीन आठवडे आली नाही. आली त्या शनिवारी सरांनी नेहमीसारखी वीस क्रियापदं दिली, जूनमध्ये फळ्यावर लिहून दिलेल्या तिसांपैकी. कौतिकाची वीसच्या वीस बरोबर आली.

भिंतीवरून मला प्रश्न ऐकू आला. "कोणी सांगितलं तुला?"

"कोनी नाही सर."

"मग कुठून आलं?"

 मग हळूच, "रोवणीत आलं, सर."

सगळा वर्ग फुटला. सरांना वाटलं, पोरगी टिंगल करते. त्यांनी तिचे तळवे पाहिले, वही झटकली, बाकाखाली पाहिलं. काही सापडलं नाही, तेव्हा तर संशय पक्काच झाला. तीन वर्षांत सातच्या पुढं न गेलेली पोरगी तीन आठवडे शाळेत न येता वीस आणते, आणि एकही चूक नाही? अख्ख्या वर्गासमोर ते म्हणाले, "हा पेपर चोरीचा आहे. सोमवारी वडिलांना घेऊन ये."

डोमाजी आला. चिखलाच्या पायांनी ओसरीतच उभा राहिला, आत आला नाही. सरांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी तिले शिकाले पाठवलं जी, चोरी कराले नाई." मुलीला घेऊन निघून गेला. दुसऱ्या दिवशी तिच्या गावच्या पोरांनी बातमी आणली, की आंबागडच्या लोकांना रविवारी होकार मिळणार. वर्गातली तिची जागा रिकामी राहिली.

मी तडक सरांकडे गेले. वाटलं, माणूस थोडा तरी हलला असेल. ते माझीच वाट बघत होते. "बाई, पेपर माह्या कपाटात होता. त्या खोलीत तुमचंच कपाट आये दुसरं. आन् पोरगी तुमच्याकडं येत-जात असते."

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मी त्यांच्यावर जवळजवळ ओरडलेच. "सर, तुमच्या त्या वीस क्रियापदांपैकी दहा मला स्वतःला लिहिता येत नाहीत. मी तिला काय फोडून सांगणार, कपाळ?"  मी म्हटलं, ती रोवणीत आलं म्हणते ना, मग जाऊन बघा रोवणीत. तलावाखालच्या बांध्यांमध्ये, धानाच्या वाफ्यांत, अजून चालू आहे. चोरी असेल तर तीही तिथंच सापडेल.

"जातो," ते म्हणाले. "पन तुमी संग चला."

"मी कशाला?"

"मी पोचाच्या आधी तुमी तिकडं निरोप पाठवान."

आता अशा माणसाला काय म्हणावं? गेले. रविवारी सकाळी तीन मैल, ते सायकल हातात धरून, मी पदर खोचून. वाटेत भेटणारा प्रत्येक जण आम्हा दोघांकडे वळून वळून बघत होता. सर त्या प्रत्येकाकडे संशयानं बघत होते, आणि मी सरांकडे.

गावच्या अलीकडे तलावाची पाळ लागते. सरांनी सायकल मोहाच्या झाडाला टेकवली आणि मला बोटानं गप्प राहायला सांगितलं. आम्ही खोडाआड उभे राहिलो, आणि मला चोर पकडायला आल्यासारखं नव्हे, चोर असल्यासारखंच वाटलं. खाली बांधीत पंधरा बाया ओळीनं वाकून परहे, भाताची कोवळी रोपं, रोवत मागं मागं सरकत होत्या. रोवणीत गाणं असतंच. एक बाई ओळ टाकते, बाकीच्या उचलतात. तसंच चाललं होतं. फक्त गाण्याचे बोल ओळखीचे नव्हते.

धुऱ्याजवळची, म्हणजे बांधाच्या कडेची, म्हातारी ओरडली, "कट!"

सगळ्या म्हणाल्या, "कटिंग! जोडी जुंपा!"

पुढची, "कम!"

"कमिंग! पावनी उठली!"

प्रत्येक शब्दाला मूठभर परहे चिखलात जात होते आणि ओळ एक पाऊल मागं येत होती. मधे कुणीतरी पाहुणी उठवायच्या जागी जोडी जुंपली, तेव्हा सगळ्या ओरडल्या आणि तिच्या पाठीवर चिखल बसला. हसण्याचा असा कल्लोळ झाला की तलावावरचे बगळे उडाले. ओळीच्या मधोमध, कमरेत वाकलेली, लुगडं गुडघ्यावर खोचलेली कौतिका होती. ती हसत नव्हती. ती ऐकत होती.

मी सरांकडे पाहिलं. चष्मा कपाळावर चढलेला होता आणि तोंड उघडं होतं. त्यांची पाहुणी आणि त्यांचे बैल अंगठाबहाद्दर बायांच्या तोंडून त्यांच्याकडे परत येत होते. ते छत्री विसरून पाळ उतरून गेले.

बाया थांबल्या. कौतिकाचा चेहरा पांढरा पडला. सरांनी धुऱ्यावरून तिला विचारलं, आणि पहिल्यांदाच मी तो प्रश्न त्यांच्या घरच्या बोलीत ऐकला. "कोनं सांगितलं तुले, असं कराले?"

"कोनी नाई, सर. घरी वाचाले वेळ नोता." मग धीर करून तिनं सांगितलं. पंधरा बाया, म्हणून एकेकीला दोन-दोन शब्द वाटून दिले. ज्या बाईचा शब्द तिनंच तो टाकायचा. "पेपर लिवताना मी धुऱ्यापासून सुरू करतो सर, एकेक बाई आठवतो."

धुऱ्याजवळची म्हातारी सोनाबाई एवढ्यात कंबर सरळ करून उभी राहिली होती. "मास्तर, एक इचारू का जी? हा इंग कोन आये? ज्याच्या त्याच्या मांगं लागते."

सरांनी तिला वर्गातल्यासारखंच उत्तर दिलं. "काम सुरू असते तोवर तो असते, बाई. काम संपलं का निघून जाते."

"मंग आमच्या मांगून तं तो कई गेलाच नाई," सोनाबाई म्हणाली आणि पुन्हा वाकली.

एवढ्यावर दुसरा माणूस हात जोडून परत गेला असता. धकाते सर नाही. त्यांनी झोळीची गाठ सोडली, वही काढली आणि तिथंच, धुऱ्यावर उभं राहून, कौतिकाची परीक्षा घेतली. तीसच्या तीस शब्द, उलटसुलट. शेजारच्या बांधीतून डोमाजी बैल सोडून आला आणि हाताची घडी घालून बघत राहिला. बाया श्वास धरून होत्या. कुणाचा शब्द आला की तिचं तोंड हलायचं आणि बाकीच्या तिला दटावायच्या. मला वाटलं हे सगळं थांबवावं. पोरगी चिखलात उभी होती.

अठ्ठावीस बरोबर आले. दोन चुकले, आणि ते दोन्ही असे चुकले की ऐकवेना. कौतिका रडायला लागली. "ते जनाबाईचे होते, सर. जनाबाई दुसऱ्याच दिवशी लेकीच्या बाळंतपनाले गेली."

शनिवारच्या पेपरात ते दोन शब्द आलेच नव्हते.

सरांचा चेहरा असा उजळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतर एकदाच पाहिला. "दोन चुकले!" ते माझ्याकडे वळून ओरडले. "पाह्यलं का बाई? दोन चुकले! अशा चुका दुसऱ्या कोनाच्या असूच शकत नाई. पोरगी खरी आये." आणि भुरभुर पावसात वही छातीशी धरून त्यांनी त्या दोन चुका तिच्या पानावर उतरवून घेतल्या.

डोमाजी जागचा हलला नव्हता. "झालं का गुरुजी तुमचं?"

"झालं. उद्या तिले शाळेत पाठवा."

"काहून पाठवू? तुमी सबूत मांगला, तो भेटला तुमाले. माह्या पोरीले का भेटलं?" आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "चोर तुमी वर्गात म्हटलं जी. बांधीत येऊन खरी म्हनता. इथं कोन आये आयकाले? जिथं चोर म्हटलं, तिथंच म्हना. मंग पाठवतो. नाई तं आंबागडचे लोक संध्याकाळी येऊन राहिले."

सरांनी वही झोळीत टाकली, गाठ मारली आणि ते चालू लागले. छत्री मीच उचलली.

परतीच्या अर्ध्या वाटेवर आलो. मग त्यांनी सायकल थांबवली. "मॅट्रिकले माह्या बाजूचा पोट्टा माह्या पेपरावरून लिहीत होता. मले मालूमही नोतं. दोघांचं सारखं निघालं. मास्तरानं मले इचारलं, कोनं सांगितलं तुले? मी म्हटलं, मलेच आलं." मग म्हणाले, "पकडलं मले. साल गेलं. तवा मास्तराजवळ माही एक चूक जरी लिहून असती, तं मी वाचलो असतो, बाई." एवढंच. यावर मी काही बोलले नाही. बोलले असते तर मी का बोलले, याचा त्यांनी संशय घेतला असता.

डोमाजीनं मुदत दिली होती ती संध्याकाळची. सर खोलीवर गेले नाहीत. पाच-सहा मुलं घरोघर पाठवून, रविवार असून, त्यांनी दहावीचा वर्ग बोलावला. सदाशिवला घंटा वाजवायला लावली. दुपारी तीनला पोरं जमली, ओली, गोंधळलेली. डोमाजीलाही निरोप गेला होता. तो दारात, त्याच्या मागं कौतिका.

सर वर्गात नेहमी छापील मराठी बोलत. त्या दिवशी नाही. "मी हिले चोर म्हटलं," ते म्हणाले. "तपासल्याबिगर म्हटलं. हिनं चोरी केली नाई. चूक माही आये." शब्द गिळत, खाली बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग खडू उचलून त्यांनी रविवारीच तास सुरू केला, कारण पोरं आलीच आहेत तर. कौतिका तिच्या जागेवर जाऊन बसली. डोमाजी थोडा वेळ दारात उभा राहिला, मग बैल एकटे आहेत म्हणाला आणि गेला. संध्याकाळी आंबागडचे लोक आले आणि चहा पिऊन परत गेले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सर नळावर गेले होते, झोळी टेबलावर होती. माझ्यानं राहवलं नाही. गाठ सोडली, वही काढली. शेवटच्या पानावर, मुलांची नावं संपल्यावर, त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं आणि खाली एकच ओळ, तारखेसह. 'न तपासता चोर म्हटलं.' मी वही ठेवली आणि हुबेहूब तशी गाठ मारायचा प्रयत्न केला. सर आले, झोळी खांद्याला लावली, दारापर्यंत गेले आणि वळले.

"गाठ वेगळी बसली, बाई."

मी लाजेनं मेले. पण ते रागावले नव्हते.

कौतिका मॅट्रिक झाली, मग डी.एड. झाली. सरांचा स्वभाव काही बदलला नाही, तसं सांगितलं तर खोटं होईल. 'कोणी सांगितलं तुला?' भिंतीवरून येतच राहिलं. फक्त नंतर ते पोराच्या उत्तराची वाट बघायचे. शहाऐंशीच्या सुमारास ते निवृत्त झाले. निरोप समारंभात आम्ही दिलेल्या शालीचं टोक त्यांनी दोन बोटांत धरून धागा तपासला.

शेवटचे दिसले ते त्यानंतर दोन वर्षांनी, दिघोरीकडे. कौतिका तिथल्या शाळेत शिकवत होती, तिनं मला बोलावलं होतं. एसटीतून उतरून शाळेच्या मागच्या बाजूनं गेले, तर खिडकीशेजारी भिंतीला चिकटून छत्री घेतलेला एक माणूस उभा. मी ओळखलंच.

"सर? इथं काय करून राहिले?"

"चूप!" त्यांनी मला भिंतीकडे ओढलं. "पाहून राहिलो." मग बारीक डोळे करून, "तिले सांगून तं नाई ठेवलं ना, मी येनार म्हनून?"

मी येणार हे तिला माहीत होतं, सर येणार हे मला कुठून माहीत असणार? पण त्यांना हे समजावण्यात अर्थ नव्हता. मी आत डोकावले. कौतिका फळ्यावर आयएनजीचे शब्द लिहीत होती. पाठमोरी, भरलेल्या अंगाची, केसांचा अंबाडा.

"एक चुकला आये फळ्यावर," सर कुजबुजले.

"मग सांगा ना तिला."

"नोको. ते तिसऱ्या बाकावरचं पोट्टं पाहून राहिलं केव्हाचं. थांबा."

खरंच, तिसऱ्या बाकावरचा हडकुळा पोरगा उठला आणि बोट दाखवून म्हणाला, "बाई, तिथं जोडी पाह्यजे."  कौतिकानं फळ्याकडे पाहिलं, मग पोराकडे. माझ्या शेजारी सरांचा श्वास थांबलेला मला कळला. ती हसली. पुसून नीट लिहिलं, "शाब्बास" म्हणाली आणि पुढचा शब्द घेतला.

सरांच्या हातात वही उघडी होती, पेनाचं टोपण काढलेलं. त्यांनी काही लिहिलं नाही. टोपण लावलं, वही झोळीत टाकली. मी म्हटलं, चला आत, तिला किती आनंद होईल. ते ऐकतच नव्हते. त्या दिवशी धुऱ्यावर उजळला होता तसा चेहरा उजळला होता.

"इचारलं नाई, बाई," ते म्हणाले. "कोनं सांगितलं, म्हनून इचारलं नाई तिनं."

मग गाठ न मारताच झोळी खांद्याला लावली आणि ते एसटीच्या रस्त्याला लागले.